घराणे नसलेला धंदा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका तरुणाचा कर्जमागणीचा अर्ज शिफारशीसाठी माझ्या मेजावर आला. घरोघरी जाऊन सोफे, कोच आणि गादीच्या खुर्च्या स्वच्छ करून देण्याचा छोटा धंदा त्याला सुरू करावयाचा होता. खर्चाचा तपशील नीटनेटका होता. धूळ ओढणारे यंत्र, पाणी फवारून ते परत शोषून घेणारे दुसरे यंत्र, ब्रश, रसायने, सामान नेण्यासाठी एक जुनी गाडी आणि सर्वांत शेवटी एक ओळ : ‘कामाचे शिक्षण – १५,००० रुपये.’ ती ओळ मी लाल शाईने खोडली. साबणाच्या पाण्याने कापड पुसण्याला कसले आले आहे शिक्षण, असे मला त्या वेळी वाटले. त्या लाल रेघेची किंमत मला पुढे कळली.

कापड स्वच्छ करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. परीट हा आपल्या बारा बलुतेदारांपैकी एक. धोतर भट्टीत घालावे, पण लोकरीची शाल घालू नये. रेशमी वस्त्राला रिठ्याचे पाणी चालते, धुण्याचा सोडा चालत नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. बापाच्या हाताखाली काढलेली वर्षे हीच त्याची शाळा. त्याच्या या ज्ञानाला रसायनशास्त्राचा पूर्ण दुजोरा आहे. लोकर आणि रेशीम हे प्रथिनांचे धागे असून सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने ते झिजतात. सूत वनस्पतिजन्य असल्यामुळे सोडा सोसते.

सोफा साफ करण्याच्या धंद्याला असे घराणे नाही. सोफ्याचे कापड बहुधा सांगाड्याला ठोकून बसविलेले असते. ते काढून घाटावर नेता येत नाही. कापडाखाली फोम असतो, काथ्या असतो, लाकूड असते. या कामाची यंत्रेही अलीकडची. लंडनमधील ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने १९०१ साली धूळ शोषून घेणारे यंत्र सिद्ध केले. कल्पना सुचताच त्याने म्हणे एका उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली, आणि रुमालावर उमटलेला धुळीचा काळा डाग पाहून त्याची खात्री पटली. तेव्हा ज्या धंद्यात बापाने मुलाला शिकवावे अशी परंपराच नाही, तेथे शिक्षण दुसरीकडून मिळवावे लागते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्या तरुणाचे पहिले दोन महिने बरे गेले. सुती आणि पॉलिएस्टरच्या कापडांवर त्याचा हात बसला. मग एका घरी तलम, चकचकीत मखमलीचा सोफा आला. त्याने नेहमीप्रमाणे गरम पाणी भरपूर फवारले आणि ताठ ब्रशाने घासले. कापड वाळल्यावर मखमलीची लव कायमची चेपलेली होती आणि जागोजाग तपकिरी वर्तुळे उठली होती. भरपाई देण्यात त्याची दोन महिन्यांची कमाई गेली. तो माझ्याकडे आला तो तक्रार घेऊन नव्हे. तो म्हणाला, “साहेब, चूक माझीच आहे. पण कुठली चूक, ते मला अजून कळलेलं नाही.”

त्याच्या या वाक्याने मी अस्वस्थ झालो आणि जाणकारांकडे विचारपूस करू लागलो. ती मखमल व्हिस्कोजची होती. सुताचा धागा ओला झाला की उलट बळकट होतो; व्हिस्कोजचा धागा ओला झाला की त्याचे बळ निम्म्यापर्यंत उतरते. शिवणीच्या आतला एक धागा काढून जाळून पाहण्याची परीक्षा या धंद्यात रूढ आहे. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. सूत कागदासारखे जळून मऊ राख उरते. पण व्हिस्कोजही सुतासारखेच जळते! म्हणजे अर्धवट माहिती असलेला माणूस नेमका येथेच फसतो. म्हणून रंग सुटतो का, लव बसते का, हे आधी गादीच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात ओल्या पांढऱ्या फडक्याने पाहावयाचे असते.

डागांचेही असेच आहे. रक्त, दूध, अंडे यांच्या डागाला गरम पाणी लावले की त्यातील प्रथिने गोठून धाग्याला घट्ट धरतात. तेथे थंड पाणीच हवे. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो, हे आपल्या घरातील प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. हळदीतील रंगद्रव्य अल्काच्या संपर्काने लाल होते आणि सौम्य आम्लाने पुन्हा पिवळे होते; उन्हाने ते हळूहळू फिके पडते. हे ठाऊक नसलेला कारागीर लाल डाग पाहून घाबरतो आणि आणखी घासतो.

तिसरी गोष्ट पाण्याच्या मापाची. प्रथम कोरडी धूळ यंत्राने पूर्ण ओढून घ्यावी, कारण तिच्यावर पाणी पडले की तिचा चिखल होतो. नंतर बेताचे पाणी वापरावे आणि जितके घातले तितके शक्यतो परत ओढून घ्यावे. पाणी फोममध्ये मुरले तर वरचे कापड वाळलेले दिसते, आत मात्र बुरशी धरते आणि दोन दिवसांनी घरभर कुबट वास सुटतो. इंदूर किंवा दिल्लीच्या वैशाखात जो सोफा काही तासांत वाळेल, त्याला मुंबईच्या श्रावणात पंखा लावूनही दुसरा दिवस उजाडेल. तेव्हा हवा पाहून काम घेणे हेही शिकावे लागते.

आता हिशेब पाहू. समजा, यंत्र ४०,००० रुपयांचे आहे. वर्षाला २५० कामे, आणि यंत्र चार वर्षे टिकले, तर १,००० कामे झाली. दर कामावर यंत्राचा बोजा ४० रुपये. शिक्षणाचे १५,००० रुपये याच १,००० कामांवर वाटले तर दर कामाला १५ रुपये पडतात. शिवाय यंत्र चार वर्षांनी मोडीत जाते. शिक्षण जात नाही. उलट, बिघडलेल्या एका सोफ्याचे नवे कापड आणि मजुरी यांत एवढी रक्कम एका दिवसात निघून जाऊ शकते. मी खोडली होती ती सर्वांत कमी खर्चाची ओळ होती.

हे शिक्षण कोठे घ्यावे? अमेरिकेत १९७२ साली गालिचे व गादीकाम यांच्या स्वच्छतेसाठी प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आपल्याकडे २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, अनुभवाने आलेले कसब पारखून प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. परंतु इमारतीवाचूनही पुष्कळ शिकता येते. जाणत्या कारागिराच्या हाताखाली महिनाभर राबावे. जुन्या बाजारातून टाकाऊ गाद्या आणून त्यांवर हळद, चहा, तेल सांडून हात बसवावा. आणि एकदा शिकून थांबू नये. तेलकट डागांसाठी पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइड सर्रास वापरीत. ते यकृताला घातक आणि ओझोनच्या थराला मारक ठरले, आणि माँट्रियल करारान्वये भारतात त्याचा असा वापर २०१० पर्यंत थांबविण्यात आला. कालचे चांगले औषध आज वर्ज्य ठरू शकते, हे कारागिराला वेळीच कळले पाहिजे. कारण त्या वाफा सर्वांत आधी त्याच्याच छातीत जातात.

तो तरुण पुढे दुसऱ्या गावी एका अनुभवी माणसाकडे राहून शिकून आला, आणि धंदा त्याने पुन्हा उभा केला. मागच्या दिवाळीपूर्वी मी त्याला माझ्या घरचा जुना कोच दाखविला. त्याने गादी उलटली, एक धागा काढून पाहिला, कोपऱ्यात ओले फडके दाबून धरले आणि फडक्यावर उतरलेला तांबूस रंग मला दाखविला. “साहेब, हा धुवायचा नाही. धूळ काढून देतो, तेवढेच पैसे द्या.” हाती आलेले काम असे सोडून देण्याचे धैर्य त्याला यंत्राने दिले नव्हते.

आता असे अर्ज माझ्यापुढे आले की मी खर्चाचा तपशील शेवटच्या ओळीपासून वाचू लागतो. तेथे शिक्षणाची ओळ नसली तर अर्जदाराला बोलावून विचारतो, “आणि शिकण्याचे काय?”