जुन्या स्थिरचित्राचा चित्रकार कसा शोधाल?

जुन्या बाजारातून घेतलेल्या स्थिरचित्रावर सही शोधताना खालच्या कोपऱ्यापाशी थांबू नका. टेबलाची कड, सुरीची मूठ, भांड्यावरची चकाकीही भिंगातून पाहा. क्लारा पीटर्स या फ्लेमिश चित्रकर्तीने १६१५ च्या सुमारास रंगवलेलं चीज-बदामांचं चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्यात चांदीच्या सुरीवर तिचं नाव कोरल्यासारखं दिसतं आणि सुरईच्या झाकणात तिचा इवलासा चेहरा! किती देखणी सही ही.

मग चित्राची मागची बाजू पाहा. लेबलं, शिक्के बरंच सांगतात. चित्रातल्या वस्तूही पाहा: कवटी, विझलेली मेणबत्ती, घड्याळ ही सतराव्या शतकातल्या डच चित्रांत नश्वरतेची चिन्हं. मात्र प्रत्येक लिंबात अर्थ शोधू नये. कधी चित्रकाराला साल रंगवण्याचं कसबच दाखवायचं असतं. सही नंतर घातलेलीही असू शकते. म्हणून चित्र घरी पुसू नका, आधी जाणकाराला दाखवा.