जागच्या जागी वळणारे गवतयंत्र व त्याची घरगुती दुरुस्ती

अमेरिकेतील उपनगरांत घराभोवती हिरवळ राखणे हा गृहस्थाच्या कर्तव्याचाच एक भाग समजला जातो. गवत अतोनात वाढू दिले, तर शेजारी नाराज होतात आणि पुष्कळ नगरपालिका दंडही करतात. घराभोवतीची जमीन एक-दोन एकर असली, म्हणजे हाताने ढकलण्याचे यंत्र पुरत नाही. मग बसून चालविण्याचे यंत्र घ्यावे लागते. अशा यंत्रांतील एक जात मोठी चमत्कारिक आहे. ती पुढे-मागे न सरकता जागच्या जागी गर्रकन फिरते. तिला तिकडे ‘झीरो टर्न’ असे नाव आहे, कारण तिच्या वळणाची त्रिज्या शून्य असते.

असे नवे यंत्र काही हजार डॉलरांस पडते. म्हणून बंद पडलेले जुने यंत्र अल्प किमतीस विकत घ्यावयाचे आणि ते घरच्या मोटारखान्यात दुरुस्त करावयाचे, असा तिकडे अनेकांचा परिपाठ आहे. आपल्यापैकी कित्येकांचे काका-मामा तिकडे स्थायिक झाले आहेत. त्यांच्याही घरी असे यंत्र असण्याचा संभव आहे. आपल्याकडे ते क्वचितच दृष्टीस पडेल. तथापि त्याची दुरुस्ती समजून घेण्याजोगी आहे. कारण शेतावरचा पंप असो की अंगणातील स्कूटर असो, बिघाडाचे कारण शोधण्याची रीत एकच असते.

गवत कापणाऱ्या यंत्राचा जन्म इंग्लंडात झाला. ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड गावाच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभे राहिलेले लोकरीचे तंतू समान कातरण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने तीच कल्पना गवतास लावली आणि १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. तोवर हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापावी लागे. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, अमेरिकेतील कॅन्झस राज्यात हेस्टन या लहान गावी जॉन रेगियर यांनी दोन दांड्यांनी चालणारे, जागीच वळणारे यंत्र तयार केले. तेच पुढे ‘हसलर’ या नावाने विक्रीस आले.

हे यंत्र वळते कसे? बैलगाडी अरुंद जागेत वळविताना गाडीवान आतल्या बैलास थांबवितो व बाहेरच्यास चालवितो. त्याबरोबर गाडी आतल्या चाकाभोवती फिरते. येथेही तसेच घडते. या यंत्राला मोटारीसारखे सुकाणूचे चाक नसते. पुढची दोन लहान चाके खुर्चीच्या चाकांप्रमाणे वाटेल तिकडे वळणारी असतात. मागच्या दोन मोठ्या चाकांना स्वतंत्र गती मिळते आणि प्रत्येकासाठी एकेक दांडा असतो. दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलले की यंत्र सरळ जाते. एक पुढे व दुसरा तितकाच मागे केला, तर दोन चाके परस्परविरुद्ध फिरतात आणि यंत्र स्वतःभोवती फिरते. मागच्या चाकांमधील अंतर १ मीटर धरले, तर पूर्ण फेरीस प्रत्येक चाक केवळ ३.१४ मीटर चालते. बैलगाडीप्रमाणे एक चाक स्थिर ठेवले, तर दुसऱ्यास त्याच फेरीसाठी ६.२८ मीटर चालावे लागते.

बैलाच्या जागी येथे तेल आहे. इंजिन पट्ट्याच्या साहाय्याने दोन तेलपंप फिरविते. प्रत्येक पंपात एक कलती तबकडी असते. दांडा मध्यावर असताना तबकडी सरळ राहते व तेल वाहत नाही. दांडा पुढे ढकलला की तबकडी कलते, तेल वाहू लागते व चाकाची मोटर फिरविते. जितका कल अधिक, तितका वेग अधिक. दांडा मागे ओढला, म्हणजे कल उलट, प्रवाह उलट आणि चाकही उलट. इंजिनचाच आणखी एक पट्टा यंत्राच्या पोटाखालील पाती फिरवितो.

आता उदाहरणादाखल असे एक यंत्र घेऊ. ते दोन हिवाळे छपरीखाली पडून होते. किल्ली फिरविली तर नुसता ‘टक्’ असा आवाज होतो. उतावळा मनुष्य येथे नवा स्टार्टर आणावयास धावेल. जाणता मनुष्य प्रथम काहीच सुटे करीत नाही. तो यंत्र उघड्यावर, सपाट जागी आणतो. कारण बंद खोलीत इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. पात्यांपाशी हात घालण्यापूर्वी तो स्पार्क प्लगच्या तारा काढतो व बॅटरीची ऋण तार सोडवितो. यंत्र उचलावयाचे झाल्यास केवळ जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम आधार देतो. त्यानंतर तो स्वतःशी एक नियम ठरवितो : जे तपासण्यास सोपे व स्वस्त ते आधी, जे कठीण व महाग ते शेवटी.

त्या नियमाप्रमाणे पहिली पाळी बॅटरीची. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. किल्ली फिरविताच तो ९.६ च्याही खाली कोसळला, तर बॅटरी क्षीण झाली असे समजावे. दाब ठीक असेल, तर टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी घासून काढावी. पुष्कळदा एवढ्यानेच यंत्र जागे होते आणि स्टार्टरचे पैसे वाचतात.

समजा, इंजिन आता फिरू लागले. परंतु सुरू होत नाही. इंजिनास तीन गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. हवेची गाळणी उघडून पाहण्यास क्षणभर पुरतो. उंदरांनी तेथे घरटे केलेले आढळले, तर नवल मानू नये. त्यानंतर प्लग काढावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल येते पण पेटत नाही, म्हणून ठिणगीचा विचार करावा. आपल्या उदाहरणात प्लग कोरडा आहे. संशय साहजिकच कार्ब्युरेटरवर जातो.

पेट्रोल फार दिवस साठून राहिले, म्हणजे त्यातील हलके अंश उडून जातात व मागे राळेसारखा चिकट थर उरतो. शिवाय अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल असते. भारतात हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते व त्यामुळे धातू गंजतात. कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे मुख्य छिद्र सुईच्या अग्राएवढे बारीक असते. ते बुजण्यास थोडीशी राळही पुरते. म्हणून टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे, इंधनाची गाळणी बदलावी, कार्ब्युरेटरची वाटी उतरवून छिद्रे साफ करणाऱ्या द्रवाने व हवेच्या झोताने मोकळी करावी. छिद्रात तार खुपसू नये. ते किंचितही रुंद झाले, तर पेट्रोलचे माप कायमचे बिघडते.

इंजिन सुरू झाले. पण दांडे सारखे धरले तरी यंत्र डावीकडे ओढते. येथे पुन्हा मोह होतो : तेलपंप झिजला असेल, नवा घ्यावा! पण आपला नियम आठवा. सर्वांत स्वस्त तपासणी टायरमधील हवेची. डाव्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर त्या चाकाची परिणामी त्रिज्या घटते व प्रत्येक फेरीत ते थोडे कमी अंतर तोडते. उजवे चाक १०० मीटर चालले आणि डावे ९९ मीटर, तर फरक केवळ शेकडा एकाचा. परंतु चाकांतील अंतर १ मीटर असल्यामुळे तेवढ्यात यंत्राचे तोंड सुमारे ५७ अंशांनी वळते. भूमितीतील कंस व त्रिज्या यांचे नाते येथे प्रत्यक्ष दिसते. हवा समान केल्यावरही ओढ राहिली, तर दांड्यांचे सांधे जुळवावेत. तेलात हवा शिरली असल्यास, यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पंपांच्या बगलझडपा उघडून दांडे सावकाश पुढे-मागे करावेत व ती हवा बाहेर घालवावी. पंप उघडण्याचा विचार याहीनंतरचा.

पाती फिरत नसतील, तर पट्टा तुटला आहे का, ते पाहावे. पट्टा शाबूत असल्यास विजेच्या क्लचकडे वळावे. त्यातील वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम असतो; १२ व्होल्टच्या दाबाने त्यातून ४ अँपिअर प्रवाह वाहतो. रोध मोजला असता तो अमर्याद आला, तर वेटोळ्याची तार तुटली आहे, हे ओहमच्या नियमाने घरबसल्या समजते.

आता पाती. बोथट पाते गवत कापीत नाही, तोडते. मग पात्यांची टोके फाटून पांढरट पडतात व सारी हिरवळ निस्तेज दिसते. पाते सोडविताना हातांत जाड मोजे घालावेत. कानशीने मूळचा उतार राखून धार लावावी आणि मधल्या छिद्रातून ते खिळ्यावर टांगून पाहावे. एक बाजू खाली झुकली, तर तीच बाजू थोडी घासावी. हा सोपस्कार निरर्थक नाही. पाते मिनिटास ३६०० फेरे करते. केंद्रापासून २० सेंटिमीटरवर १० ग्रॅम वजन जास्त राहिले, तर सुमारे २९ किलोग्रॅम वजनाएवढा ओढा प्रत्येक फेऱ्यात धुऱ्यावर बसतो आणि बेअरिंगे खिळखिळी होतात. वाकलेले पाते ठोकून सरळ करू नये. ते टाकूनच द्यावे.

याच पात्याची लांबी ४६ सेंटिमीटर धरली, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३१० किलोमीटरांहून अधिक भरतो. वाटेत आलेला खडा त्या वेगाने बाहेर फेकला जातो. अशा यंत्रांच्या अपघातांत अमेरिकेत दरवर्षी लहान मुले जखमी होतात. कित्येकांना पाय गमवावा लागतो. म्हणूनच जुन्या यंत्राच्या दुरुस्तीत एका लहानशा वस्तूकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावयास हवे. ती वस्तू म्हणजे आसनाखालील स्विच.

चालक आसनावरून उठला किंवा पडला, तर हा स्विच इंजिन बंद पाडतो व पाती थांबतात. दांडे मोकळ्या जागी नसतील किंवा पात्यांचा क्लच जोडलेला असेल, तर इंजिन सुरूच होऊ न देणारे आणखी स्विच असतात. काही वर्षांनी यांची टोके गंजतात. खड्ड्यातून जाताना इंजिन अकारण बंद पडू लागते. मालक वैतागतो आणि तारा परस्पर जोडून स्विचच वगळून टाकतो. यंत्र मग बिनतक्रार चालते. विकत घेणाऱ्यास ते निर्दोषच वाटते. परंतु त्याचा रखवालदार निघून गेलेला असतो, आणि ही गोष्ट नव्या मालकास ठाऊक नसते.

म्हणून विकत घेतलेल्या जुन्या यंत्राच्या आसनाखाली व तारांच्या जुडग्यात अशी जोडणी आहे का, ते प्रथम पाहावे. असल्यास ती काढून नवा स्विच बसवावा. सर्व भागांत हा भाग अल्प किमतीचा असतो. नंतर सपाट मोकळ्या जागी, आसपास कोणी नसताना, यंत्र सुरू करून पाती जोडावीत आणि खाली न उतरता आसनावरून किंचित उठावे. इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे. ते पडले नाही, तर इतर सर्व भाग कितीही सुंदर चालत असले, तरी दुरुस्ती अपुरीच समजावी.

उतारावरही सावध राहावे. हे यंत्र मागच्या चाकांनीच चालते, वळते व थांबते. ओल्या गवतावर ती घसरली, तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. बहुतेक पुस्तिका १० ते १५ अंशांहून अधिक उतारावर जाण्यास मनाई करतात. आसनामागे संरक्षक कमान असेल, तर ती उभी ठेवून पट्टा बांधावा.

काम संपल्यावर एक वही करावी. तीत तारीख, यंत्राचे चाललेले तास, बदललेले भाग आणि स्विचच्या परीक्षेचा निकाल लिहावा. इंजिनचे तेल सामान्यतः दर १०० तासांनी अथवा वर्षातून एकदा बदलतात. त्याचीही नोंद ठेवावी. हिवाळ्यापूर्वी टाकी रिकामी केली, तर कार्ब्युरेटरचे दुखणे पुन्हा उद्भवत नाही. आणि पुढेमागे यंत्र विकावयाचे ठरले, तर ती वही त्याबरोबरच द्यावी. आपणास यंत्र मिळाले, तेव्हा मागच्या मालकाने काय जोडले व काय तोडले, हे आपल्याला शोधून काढावे लागले. आपल्यानंतर त्या आसनावर बसणाऱ्यास तसे शोधावे लागू नये.