देशातील रेसिंग ट्रॅकची वारी : चारही वाटा झाशीतून

झाशी : देशाच्या रस्त्यांच्या नकाशावर झाशीचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा उत्तर-दक्षिण कॉरिडॉर आणि पोरबंदरहून सिलचरकडे जाणारा पूर्व-पश्चिम कॉरिडॉर याच शहराजवळ एकमेकांना छेदतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि राष्ट्रीय महामार्ग २७ यांचा हा संगम आहे. मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि १८५७-५८ च्या धामधुमीत येथे येऊन राहिलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासवर्णनामुळे. मोटार शर्यतींशी या शहराचा थेट संबंध नाही, येथे शर्यतीचा ट्रॅकही नाही. तथापि, देशातील अधिकाधिक रेसिंग ट्रॅक प्रत्यक्ष पाहण्याचा संकल्प करणाऱ्या प्रवाशाने नकाशा समोर ठेवला, तर चारही दिशांच्या वाटा झाशीतूनच फुटतात.

ट्रॅक पाहत फिरण्याचा हा छंद अमेरिका आणि युरोपमध्ये अनेक दशकांपासून रुजलेला आहे. आपल्याकडे गिर्यारोहक जशी पाहिलेल्या गडकिल्ल्यांची नोंद ठेवतात, तशीच नोंद तेथील हौशी प्रवासी ट्रॅकची ठेवतात. या छंदात एक महत्त्वाचा संकेत पाळला जातो : नुसत्या फाटकापर्यंत जाऊन परतणे मोजणीत धरायचे नाही, तेथे प्रत्यक्ष शर्यत सुरू असताना पाहिली, तरच तो ट्रॅक ‘झाला’ असे मानायचे. हा संकेत भारताला लावून पाहिला की देशातील मोटार क्रीडेचे खरे चित्र स्पष्ट होते. कोणते ट्रॅक नांदते आहेत, कोणते ओस पडले आहेत आणि कोणते केवळ आठवणीत उरले आहेत, याचा उलगडा या प्रवासातून होतो.

उत्तरेकडे : भव्यता आणि शांतता

झाशीहून ग्वाल्हेर आणि आग्रामार्गे यमुना द्रुतगती महामार्गाने ग्रेटर नोएडा गाठता येते. हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. या वाटेवरच बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट उभे आहे. १६५ किलोमीटर लांबीचा यमुना द्रुतगती महामार्ग आणि हे सर्किट, दोन्ही जेपी समूहाने उभारले. जर्मन वास्तुरचनाकार हर्मन टिल्के यांनी आखलेल्या या ट्रॅकची लांबी ५.१२५ किलोमीटर असून त्यावर १६ वळणे आहेत. फॉर्म्युला वनसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाची श्रेणी-१ मान्यता आवश्यक असते. ती मिळवणारा हा भारतातील एकमेव ट्रॅक होय.

येथे ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तिन्ही वर्षी जर्मनीचा सेबॅस्टियन वेट्टल विजयी ठरला. २०१३ मध्ये तर त्याने आपले चौथे विश्वविजेतेपद याच ट्रॅकवर निश्चित केले. त्यानंतर मात्र फॉर्म्युला वन भारतात परतली नाही. करमणूक कर आणि आयकर यांवरून निर्माण झालेले वाद हे त्यामागचे प्रमुख कारण होते. या सर्किटच्या रूपाने फॉर्म्युला वनच्या परदेशी हक्कधारक कंपनीची भारतात ‘स्थायी आस्थापना’ होती, त्यामुळे येथील उत्पन्नावर कर लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला. पुढे यमुना द्रुतगती महामार्ग औद्योगिक विकास प्राधिकरणाने थकबाकीच्या कारणावरून २०२० मध्ये या प्रकल्पाचे जमीनवाटप रद्द केले. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली.

मधल्या काळात सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही जागतिक दुचाकी शर्यत येथे झाली आणि इटलीचा मार्को बेझेक्की विजेता ठरला. २०२४ ची नियोजित शर्यत मात्र होऊ शकली नाही. परिणामी, सुमारे एक लाख प्रेक्षक सामावतील अशी आसनव्यवस्था असलेल्या या ट्रॅकची नोंद आपल्या वहीत करू इच्छिणाऱ्या प्रवाशाला आधी शर्यतींचे वेळापत्रक शोधावे लागते.

पूर्वेकडे : विमानतळावरील शर्यती

राष्ट्रीय महामार्ग २७ ने कानपूर गाठून पुढे ग्रँड ट्रंक मार्गाने कोलकात्याकडे गेल्यास बराकपूर लागते. तेथील विमानतळाच्या धावपट्टीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटार शर्यती रंगत असत. आज तेथे हवाई दलाचे केंद्र आहे आणि शर्यतीच्या प्रवाशासाठी पाहण्यासारखे काही उरलेले नाही.

शर्यतींसाठी विमानतळ निवडण्यामागे साधे कारण होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या अनेक धावपट्ट्या युद्धानंतर रिकाम्या पडल्या. लांब, सपाट आणि वाहतूक नसलेला रस्ता शर्यतीसाठी आयताच उपलब्ध झाला. इंग्लंडमधील प्रसिद्ध सिल्व्हरस्टोन ट्रॅकही मूळचा हवाई दलाचा तळ होय. चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने अनेक वर्षे शर्यती भरवल्या. गोंडलचे महाराज आणि उद्योगपती विजय मल्ल्या यांच्यासारखी मंडळी तेथे उतरत असत. परंतु धावपट्टी क्लबच्या मालकीची नव्हती. परवानगीवर अवलंबून असलेल्या शर्यतींचे भवितव्य कायम अनिश्चित राहिले. शोलावरम आणि बराकपूर ही दोन्ही नावे आज जुन्या छायाचित्रांत आणि ज्येष्ठांच्या आठवणींत आढळतात.

पश्चिमेकडे : वेग आहे, शर्यत नाही

झाशीहून शिवपुरीमार्गे आग्रा-मुंबई रस्त्याला लागून इंदूरकडे गेल्यास सुमारे ५०० किलोमीटरवर पीथमपूर येते. ‘नॅट्रॅक्स’ या नावाने ओळखले जाणारे राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्र येथे आहे. येथील ११.३ किलोमीटर लांबीच्या लंबवर्तुळाकार अतिवेगवान ट्रॅकचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी केले. कललेल्या वळणांमुळे गाड्यांना येथे वेग कमी न करता वळता येते. हा चाचणीचा ट्रॅक आहे, त्यामुळे सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तो खुला नसतो.

तरीही महाराष्ट्रातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना पीथमपूर चांगलेच परिचयाचे आहे. स्वतः आराखडा करून बांधलेल्या, खडबडीत रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांची ‘बाहा’ ही स्पर्धा येथे अनेक वर्षे होत आली आहे. पुणे, मुंबई आणि राज्यातील इतर शहरांतील महाविद्यालयांचे संघ महिनोन्‌महिने खपून गाडी तयार करतात आणि ट्रकमध्ये चढवून येथे आणतात. मोटार क्रीडेसाठी खरी पायपीट करणाऱ्या मराठी तरुणांची संख्या पाहायची असेल, तर ती अशा स्पर्धांत दिसते.

दक्षिणेकडे : नांदते ट्रॅक

चार वाटांपैकी सर्वाधिक लांबची आणि सर्वाधिक फलदायी वाट दक्षिणेची आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ झाशीहून ललितपूर, सागर, सिवनी, नागपूर असा हैदराबादला पोहोचतो. हैदराबादेत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागर तलावाच्या काठावरील रस्त्यांवर विद्युत मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हेर्न ती जिंकला. २०२४ ची शर्यत मात्र रद्द झाली. रस्त्यावरच्या अशा ट्रॅकचे अस्तित्व तात्पुरते असते. कठडे आणि जाळ्या हटल्या की उरतो तो रोजच्या रहदारीचा रस्ता.

पुढे बंगळूरुमार्गे कृष्णगिरी येथे वाट दुभंगते. डावीकडचा रस्ता चेन्नईकडे जातो आणि श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील ट्रॅक गाठता येतो. शोलावरमच्या अनुभवातून धडा घेत मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने स्वतःची जागा घेऊन हा ट्रॅक उभारला. तो १९९० पासून वापरात आहे. त्याची लांबी ३.७ किलोमीटरच्या आसपास असून त्यावर १२ वळणे आहेत. १९५३ मध्ये स्थापन झालेला हा क्लब येथे दरवर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतींच्या फेऱ्या भरवत आला आहे.

कृष्णगिरीहून सरळ सेलमकडे आणि तेथून कोईम्बतूरकडे गेल्यास चेट्टिपाळयम येथील करी मोटर स्पीडवे लागतो. कोईम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर धावणारी, एकच आसन असलेली ‘फॉर्म्युला मारुती’ ही शर्यतीची गाडी घडवली. परदेशी गाड्या परवडत नसलेल्या तरुणांना त्यामुळे शर्यतीचे दार उघडले. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या या ट्रॅकला त्यांचे नाव देण्यात आले आहे. फॉर्म्युला मारुतीतून पुढे आलेला कोईम्बतूरचाच नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धाही करी स्पीडवेवर होत आली असून तीत महाराष्ट्रातील अनेक संघ भाग घेतात.

परतीच्या वाटेवर महाराष्ट्र

कृष्णगिरीहून बंगळूरु, बेळगावमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ प्रवाशाला कोल्हापुरात आणतो. येथील मोहिते रेसिंग अकॅडमीच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्ट म्हणजे जमिनीलगत बसणारी, छत नसलेली छोटी गाडी. जगातील बहुतेक नामवंत चालकांनी शर्यतीचे पहिले धडे कार्टमध्येच गिरवले आहेत. याच महामार्गाने पुढे लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील अल्प अंतराच्या वेगस्पर्धा, म्हणजेच ड्रॅग शर्यती भरल्या आहेत. वाहन उद्योगात आघाडीवर असलेल्या महाराष्ट्रात मोटारींच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यती मात्र सहसा होत नाहीत. पुण्यात तयार होणाऱ्या गाड्यांच्या शर्यती पाहण्यासाठीही मराठी रसिकाला तमिळनाडू गाठावे लागते, ही वस्तुस्थिती आहे.

प्रवासाची आखणी

अशा प्रवासाला निघताना तारखा आधी आणि मार्ग नंतर ठरवणे श्रेयस्कर ठरते. राष्ट्रीय शर्यती साधारणतः वर्षाच्या उत्तरार्धात होतात. चेन्नई परिसरात ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पावसाचा जोर असतो, हेही ध्यानात घ्यावे. रेल्वेनेही हा प्रवास शक्य आहे. झाशी हे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील प्रमुख स्थानक असून येथून चेन्नईकडे आणि कोईम्बतूरकडे थेट गाड्या आहेत.

ट्रॅकवर पोहोचल्यानंतर मुख्य सरळ पट्टीपेक्षा तिच्या टोकाच्या वळणाजवळची जागा निवडावी. सरळ पट्टीवर गाडी क्षणार्धात नजरेआड होते. वळणापूर्वी कोण किती उशिरा ब्रेक लावतो, यावर मात्र पुढे जाण्याची संधी ठरते, आणि ती तेथेच दिसते. कानांच्या संरक्षणासाठी इअरप्लग जवळ ठेवावेत, विशेषतः मुले सोबत असल्यास. स्वतः गाडी चालवण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी काही ट्रॅकवर ठरावीक दिवशी तशी सोय असते. हेल्मेट, गाडीची पूर्वतपासणी आणि सज्ज रुग्णवाहिका या तेथील मूलभूत अटी असतात.

या अटींचे महत्त्व प्रवासाच्या वाटेवरच उमगते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले आणि त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी संबंधित होते. ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने धावतात, वळणाबाहेर मोकळी जागा सोडलेली असते आणि प्रत्येक टप्प्यावर झेंडे घेतलेले पंच उभे असतात. महामार्गावर यांपैकी काहीही नसते. वेगाची हौस असणाऱ्या तरुणांना रस्त्यापासून दूर ठेवायचे, तर त्यांच्या आवाक्यातील ट्रॅक टिकले पाहिजेत.

ते कशाने टिकतात, याचे उत्तर झाशीतून निघणाऱ्या या चार वाटा देतात. एका मोठ्या परदेशी स्पर्धेवर विसंबलेले भव्य सर्किट ती स्पर्धा जाताच निवांत झाले. परवान्याच्या धावपट्टीवरील शर्यती परवान्याबरोबर संपल्या. स्वतःच्या जागेवर, दरवर्षी नेमाने, स्थानिक चालकांच्या शर्यती भरवणारे दक्षिणेतील ट्रॅक मात्र तीन दशकांहून अधिक काळ देशाला चालक पुरवत आहेत. राष्ट्रीय शर्यतीच्या दिवशी तेथील प्रेक्षागृहात बरीच आसने रिकामी असतात. तिकीट काढून तेथे बसणारा प्रवासी आपल्या वहीत एका ट्रॅकची भर घालतो आणि त्या ट्रॅकच्या पुढील हंगामालाही हातभार लावतो.