नवा संगणक, पंख्याची तक्रार आणि हमीपत्र



आपल्या सभासदांच्या घरची मुले-मुली आता शेतीखेरीज नाना उद्योग करू लागली आहेत. एका सभासदांचा भाचा अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरील नागाव येथे घरांचे नकाशे व चित्रे तयार करून देतो. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पर्यटकांसाठी घरे उठत असल्यामुळे त्याला कामाची वाण नाही. या कामासाठी त्याने दीड लाखाच्या वर रक्कम घालून जड कामाचा संगणक घेतला. त्याला वर्कस्टेशन म्हणतात. पैसे पतसंस्थेच्या कर्जाचे. पहिल्याच आठवड्यात सकाळी बटण दाबले तर पडद्यावर ओळ आली, 'सीपीयू फॅन एरर, एफ-१ दाबा'. विक्रेता म्हणतो, मुंबईला आणून द्या. शेजारी म्हणतो, खोल की, त्यात काय आहे! आता करावे काय, असे मामांनी विचारले आहे. हा प्रश्न अनेकांना पडण्यासारखा असल्याने उत्तर येथेच देत आहोत.

प्रथम त्या ओळीचा अर्थ पाहू. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. चार-पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीचा हा तुकडा जड काम करताना शंभर-दोनशे वॅट वीज खातो आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे पूर्वीचा शंभराचा एक-दोन बल्ब चिमटीत धरल्यासारखे झाले. ही उष्णता काढून नेण्यासाठी त्याच्यावर धातूचा पत्र्यापत्र्यांचा ठोकळा व पंखा बसवतात. पंख्याच्या चार वायरींपैकी एक वायर फक्त फेऱ्या मोजून वरच्या बोर्डाला कळवते. मोजणी आली नाही किंवा फार कमी आली, की बोर्ड काम थांबवून वरील ओळ दाखवते. पॉवर हाऊसमध्ये टर्बाइनच्या बेअरिंगला तेलाचा दाब कमी पडला की यंत्र ट्रिप होते ना, तसेच हे. तेव्हा ओळ आली म्हणजे प्रोसेसर जळाला असे मुळीच नाही. मात्र एफ-१ दाबून रोज तसेच काम रेटणे हेही बरे नव्हे.

नव्या संगणकात याची कारणे बहुधा साधी निघतात. पंख्याचा प्लग बोर्डावर 'सीपीयू फॅन' असे लिहिलेल्या जागी न बसवता शेजारच्या जागी बसवलेला असतो. मग पंखा गरगर फिरतो, तरी ओळ येतेच! पाण्याच्या नळ्यांचा कूलर असेल तर त्याच्या पंपाच्या वायरीबाबत हाच घोटाळा होतो. काही मोठे पंखे मुद्दाम संथ फिरणारे असतात. बोर्डाने किमान मर्यादा ६०० फेऱ्यांची ठेवली आणि पंखा ५०० ने फिरला, तर दोष पंख्याचा नाही, मर्यादेचा आहे. ती बायॉस नावाच्या मूळ मांडणीत जाऊन कमी करता येते. कधी एखादी वायर पात्यात अडकते. कधी ट्रकच्या प्रवासात जड ठोकळा एका बाजूने सैल होतो. घाट उतरून आलेल्या खोक्यात असे होणे नवलाचे नाही. ठोकळ्याच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म न काढताच तो बसवणारे कारागीरही आहेत. मग पंखा ठीक, फेऱ्या ठीक, पण पाच मिनिटांत तापमान शंभराकडे. यावेळी ओळ निराळी येते, ती तापमान वाढल्याची.

तापमानाचा आकडा बायॉसमध्ये दिसतो. काम नसताना तो ३० ते ५० अंशांच्या आसपास असावा. पूर्ण भार असताना ८०-९० दिसले तर घाबरू नका. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांपर्यंत जाऊन आपणहून वेग कमी करतात, आणि एएमडीचे रायझन ७००० मालिकेतील कित्येक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालावेत अशीच त्यांची रचना आहे. रिकामे बसून ९० दाखवणारे यंत्र मात्र बिघडलेले समजावे.

प्रत्येक बंद पडणे तापण्यानेच होते असेही नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर काम करता करता कोसळत, आणि लोक कूलर बदलून थकले. शेवटी २०२४ साली कंपनीनेच सांगितले, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता व त्याने तो झिजत होता. बायॉसमधून सुधारणा देण्यात आली आणि डबाबंद विकलेल्या अशा प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली गेली. झीज झालेला प्रोसेसर सुधारणेने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. तुमच्याकडे या पिढीचा असेल तर बायॉसची तारीख आधी बघा.

आता नागावची हवा. समुद्र हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यात भिंतींना ओल, वाऱ्यात मीठ. मिठाचा थर ओल धरून ठेवतो आणि प्लगच्या पिनांना गंज चढवतो. पहिल्या आठवड्यात हे होणार नाही, पण दोन पावसाळ्यांत नक्की होते. त्यातून मुंग्या आणि पाली. संगणक खिडकीखाली नको, जमिनीवर नको आणि चालू असताना त्यावर प्लॅस्टिकचे आवरण तर मुळीच नको. पुष्कळ घरांत प्रेमाने फ्रिजसारखे आवरण घालतात, यंत्र आत उकडून निघते. विजेचे अर्थिंग तपासून घ्यावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वीज किती दिवस नव्हती हे त्या किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. अशी गेलेली वीज परत येते तेव्हा झटका देऊन येऊ शकते.

हे सांगण्याचे कारण हमीपत्र. ओलाव्याने आलेला गंज, विजेचा झटका आणि किड्यामुंगीने केलेले नुकसान बहुतेक हमीपत्रांत वगळलेले असते. म्हणून मुंबईचा माणूस 'गंज आहे' म्हणायच्या आत, यंत्र नवे असतानाच तक्रार नोंदवावी. पडद्यावरील ओळीचा फोटो तारखेसह काढा. आतील आकडे टिपून ठेवा. तक्रार फोनवर न करता लेखी करा आणि नोंद क्रमांक मागा. झाकण उघडण्यापूर्वी हमीपत्र वाचा. काही कंपन्या झाकण उघडू देतात, काहींची सील तुटली की वाद सुरू होतो. प्लग तपासण्यास विक्रेत्याची लेखी परवानगी मिळाली तर काम दहा मिनिटांचे आहे, मुंबईची खेप वाचते. कूलर मात्र आपण उचलू नये. तो काढला की मधला लेप नवा लावावा लागतो. 'घरपोच दुरुस्ती' लिहिले असेल तर ती नागावच्या पिनकोडला लागू आहे काय, हे विचारा. दुकानाने सुटे भाग जोडून दिलेला संगणक असेल तर प्रत्येक भागाची हमी निराळी असते. प्रोसेसर डबाबंद नसून सुटा असेल तर हमीसाठी कंपनीकडे नव्हे, विक्रेत्याकडेच जावे लागते. बिलावर भागांचे अनुक्रमांक नसतील तर आजच लिहून घ्या. माल परत घेण्याची मुदत हमीपेक्षा फार लहान, कधी सात-दहा दिवसांचीच असते. तिच्यावर नजर ठेवा.

एवढे करूनही दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. विक्रेता म्हणेल, 'तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही.' हे ऐकून गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच मानला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा आणि स्वतः टंकलेखन करून पोट भरणारा अशीच उदाहरणे दिली आहेत. टंकलेखन यंत्राच्या जागी आज संगणक. (सोसायटीच्या किंवा मोठ्या व्यवसायाच्या कार्यालयासाठी घेतलेल्या संगणकाचे तसे नाही, तेथे वकिलाला विचारावे.)

या कायद्याने खरेदी मुंबईची असली तरी तक्रारदार राहतो तेथे तक्रार करता येते. नागावकराला त्यासाठी अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास फी नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. सोबत बिल, हमीपत्र, फोटो आणि लेखी तक्रारीच्या नोंदींच्या प्रती जोडाव्यात.