अजिंक्य वीर आणि चुकणारा माणूस

संगणकावरील खेळांविषयी आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याचे निर्णय स्वतः करतो, त्यांत पुढारी कसा असावा हाच प्रश्न दडलेला आहे.

या खेळांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या खेळात आहे. राक्षस मारावा, धन मिळवावे, अनुभवाचे गुण साठवून एकेक पायरी चढावी, ही त्याची रीत. ती संगणकावर आली आणि वीर सर्वशक्तिमान होत गेला. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये तर एकच गृहस्थ ड्रॅगन मारतो, मंत्रविद्यालयाचा प्रमुख होतो आणि चोरांच्या संघाचाही म्होरक्या होतो! एवढी पदे एकट्याने अडविलेली आम्ही आमच्या चळवळीतही पाहिली नाहीत. यात मौज आहे. पण ज्याला हरणेच ठाऊक नाही, त्याच्या निर्णयाला वजन कसले?

२०१९ साली मूळच्या एस्टोनियातील मंडळींनी 'डिस्को इलिझियम' हा खेळ काढला. त्याचा नायक पोलीस अधिकारी. दारूपायी स्वतःचे नावही विसरलेला. प्रकृती फारच दुबळी निवडली, तर पंख्याला अडकलेला टाय ओढतानाच तो मरू शकतो. गोदी कामगारांचा संप चालू असताना त्याने खुनाचा तपास करावयाचा; आणि संपाचा पुढारीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. येथे राक्षस मारणे नाही. बोलावयाचे, विचारावयाचे आणि दोन फासे टाकावयाचे. दोन्हींवर एक पडला की कसबी माणूसही हरतो; दोन्हींवर सहा पडले की दुबळाही जिंकतो. खरी गोम पुढेच आहे. हरले तरी खेळ बहुधा थांबत नाही. फजिती होते, सहकारी किम वहीत टिपण करतो आणि गोष्ट दुसऱ्या वाटेने पुढे सरकते.

आम्ही चालविलेला पहिला संप फसला होता. हिशेब आमचाच चुकला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर तोंड दाखविण्याची लाज वाटत होती. एका वृद्ध कामगाराने एवढेच विचारले, "पुढची मीटिंग कधी?" त्या प्रश्नाने आम्हांला युनियन शिकविली. वीराची वाट पाहणारे सभासद मीटिंगला येत नाहीत. आपल्यासारखाच चुकणारा माणूस समोर उभा राहिला, म्हणजे ते येतात आणि त्याची चूकही सुधारतात.