गच्ची उघडी हवी

मुंबईतल्या उंच हॉटेलाच्या गच्चीवर बसून आपण जे पैसे मोजतो, त्यातले ग्लासातल्या पेयाचे फार थोडे असतात. बहुतेक पैसे डोक्यावर छप्पर नसण्याचे. वरळीच्या फोर सीझन्स हॉटेलात ३४व्या मजल्यावर ‘एअर’ नावाचा बार आहे. सूर्य मावळताना तिथून शहर जसं दिसतं, तसं खालच्या कुठल्याही रस्त्यावरून दिसत नाही. समोर अरबी समुद्र, एका बाजूला वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या तारा, दक्षिणेला महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा हिरवा लंबगोल. पूर्वेकडे मान वळवली की लोअर परळ, एकेकाळी कापड गिरण्यांचा भाग. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यातले बहुतेक गिरणीत परतलेच नाहीत. त्या गिरण्यांच्या जागी आता काचेचे टॉवर आहेत. उत्तरेला वरळीच्या १२१ बीडीडी चाळींची वस्ती आणि तिच्या मधूनच वर येणारे पुनर्विकासाचे मनोरे. मुंबईवर जीव असलेल्या माणसानं हे एकदा तरी बघावं, असं मला मनापासून वाटतं. महाग आहे, तरीही.

गच्ची आपल्याला नवी नाही. पापड-कुरडया वाळल्या त्या गच्चीवर, कोजागरीचं दूध आटलं तेही तिथेच, आणि उकाड्यात अर्धी चाळ वर झोपायला यायची. गच्चीवर टेबलं मांडून तिचा धंदा करणं हे मात्र अलीकडचं. उंच हॉटेलांचे बार आधीपासून होते. इतर इमारतींच्या गच्च्यांसाठी मुंबई महापालिकेनं धोरण आणलं ते २०१७मध्ये.

जायचं असेल तर आधी काळवेळ बघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मेअखेरीस सात वाजून गेल्यावर. त्याच्या तासभर आधी पोचलात तरच कठड्याजवळच्या टेबलाला अर्थ. आणि ते टेबल फोन करून आधी राखून ठेवावं लागतं. शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी कव्हर चार्ज असतो, तो खाण्यापिण्यात वळता होतो का, हे फोनवरच विचारावं. चपला घातलेल्या पुरुषांना अनेक ठिकाणी दारातून परत पाठवतात.

कायदा १९४९च्या दारूबंदी अधिनियमाचा आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत, व्हिस्की-रमसाठी २५. पिणाऱ्याकडे परवाना असावा, हीसुद्धा त्यातलीच अट. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो आणि बारमध्येच फाडून देतात.

बिल नीट वाचा. दारूवर जीएसटी नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. खाण्यावर जीएसटी आहे आणि महागड्या हॉटेलांत तो १८ टक्के असतो. खाली सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो कर नव्हे. तो ग्राहकाच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांवर दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. सेवा आवडली तर जरूर द्या, पण तो काढायला सांगण्यात कसला संकोच? पाण्याच्या बाटलीचं मात्र वेगळं आहे. हॉटेलात बसून पिताना तिला छापील किमतीची मर्यादा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये सांगितलं आहे.

आता छपराकडे येतो, कारण सगळं तिथेच अडतं. मुंबईत जून ते सप्टेंबर पाऊस. भाडं, पगार, परवान्याचं शुल्क बारा महिन्यांचं, आणि उघड्या गच्चीचा धंदा आठ महिन्यांचा. मग मालक बांबू उभे करतो, वर ताडपत्री ताणतो, खाली कापडाची सजावट येते. पाऊस संपला तरी ते उतरवलं जात नाही. गिऱ्हाईक ज्या मोकळेपणाचे पैसे देतं, तो नाहीसा होतो. धूर वर निघून जायची वाटही त्याच छपरानं बंद होते.

२९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिल आवारात, गच्चीवरच्या शेजारशेजारच्या दोन रेस्टॉरंटमध्ये हेच घडलं. अग्निशमन दलाच्या चौकशीनुसार हुक्क्याच्या निखाऱ्यानं आग लागली. ताडपत्री आणि सजावटीनं ती मिनिटांत पसरली. १४ माणसं गेली, त्यात ११ स्त्रिया होत्या. बाहेरची वाट न सापडल्यानं अनेक जण स्वच्छतागृहाकडे धावले आणि तिथे धुरानं गुदमरले. आकाशाखाली म्हणून थाटलेल्या जागेत माणसं धुरानं मरावीत, याइतकं संतापजनक काही नाही. पुढच्या वर्षी राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली, बेकायदा शेडवर हातोडे पडले. तरी डिसेंबर २०२५मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबला आग लागली आणि २५ जीव गेले. त्यात बहुतेक तिथलेच कर्मचारी होते. म्हणूनच हा प्रश्न गिऱ्हाइकांपुरता मानू नये. वाढपी, स्वयंपाकी, भांडी घासणारी मुलं त्या छपराखाली रोज असतात.

महाराष्ट्रात २००६चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. कागद तपासणं पालिकेचं काम. डोळ्यांनी तपासणं आपल्याला जमतं, आणि त्याला दोन मिनिटं पुरतात. टेबलावर बसण्याआधी जिना कुठे आहे ते बघा, कारण आगीत लिफ्ट वापरता येत नाही. जिना एकच असेल, किंवा त्यात बिअरचे क्रेट, खुर्च्या, सिलिंडर रचलेले असतील, तर तिथे बसू नका. छत कशाचं आहे ते वर बघून कळतं. छताला लागून मेणबत्त्या किंवा शेगडी पेटवलेली असेल, किंवा फटाक्यांच्या कांड्या लावलेल्या बाटल्या नाचवल्या जात असतील, तर ते थांबवायला सांगा. रसभंग होतो म्हणून कुणी कुरकुरलं तर कुरकुरू द्या.

जिन्याचं दार कुलपात दिसलं तर मॅनेजरला बोलवून ते तुमच्यासमोर उघडून घ्या. त्यानं टाळाटाळ केली तर उठा, आणि खाली आल्यावर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.