हवामानबदल आणि विकसनशील देशांतील सेंद्रिय शेती : सिक्कीम व श्रीलंकेच्या अनुभवांच्या संदर्भात

प्रस्तावना :
विकसनशील देशांतील बहुसंख्य शेतकरी अल्पभूधारक असून त्यांची शेती मोठ्या प्रमाणावर पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे हवामानबदलाची झळ त्यांना तीव्रतेने बसते. यावरील उपाय म्हणून सेंद्रिय शेतीचा पुरस्कार केला जातो. प्रस्तुत लेखात या उपायाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

सामर्थ्य :
नत्रयुक्त रासायनिक खतांच्या निर्मितीसाठी मुख्यत्वे नैसर्गिक वायू व कोळसा वापरला जातो. ही खते जमिनीत टाकल्यानंतर त्यांतील काही नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने वातावरणात मिसळते. शंभर वर्षांच्या कालावधीत या वायूची तापमानवाढीची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट असते. सेंद्रिय शेतीत नत्राची गरज द्विदल पिके, ताग-धैंचा यांसारखी हिरवळीची खते, शेणखत व कंपोस्ट यांतून भागविली जाते. शिवाय सेंद्रिय पदार्थांमुळे जमिनीत ओलावा टिकतो व पावसात खंड पडला तरी पीक तग धरू शकते.

मर्यादा :
'नेचर' या नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासानुसार सेंद्रिय शेतीचे उत्पादन परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी आढळले. ही तूट भरून काढण्यासाठी जंगल तोडून नवी जमीन लागवडीखाली आणल्यास हवामानाच्या दृष्टीने झालेला लाभ नाहीसा होतो.

दोन अनुभव :
सिक्कीमने २००३ साली सेंद्रिय शेतीचा संकल्प केला आणि २०१६ साली ते पूर्णतः सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. सुमारे ७५,००० हेक्टर क्षेत्राच्या या स्थित्यंतरास तेरा वर्षे लागली. तेथे रासायनिक खतांचा वापर मुळातच अल्प होता, तसेच अन्नधान्यासाठी राज्यास बाहेरील पुरवठ्यावर अवलंबून राहावे लागते, हेही लक्षात घेतले पाहिजे. याउलट श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. पुरेशी सेंद्रिय खते उपलब्ध नसल्याने भाताचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर घटले, चहाच्या पिकालाही फटका बसला. काही महिन्यांतच शासनास बंदी मागे घ्यावी लागली.

निष्कर्ष :
सेंद्रिय शेती हा हवामानबदलावरील उपयुक्त, परंतु सावकाश फळ देणारा उपाय आहे. कोरडवाहू व अल्प खतवापराच्या प्रदेशांपासून त्याचा प्रारंभ करणे हितावह ठरेल. स्थित्यंतराच्या काळात घटणाऱ्या उत्पन्नाची भरपाई, खतांची स्थानिक उपलब्धता आणि अल्पभूधारकास परवडणारे प्रमाणीकरण यांची तरतूद शासनाने आधी करणे आवश्यक आहे. अन्यथा या प्रयोगाची किंमत सर्वांत दुर्बल शेतकऱ्यालाच मोजावी लागेल.